वजनकाट्याला न दिसणारं पोट

माझे मामू सोलापुरात विजापूर वेशीजवळ टेलरिंगचं दुकान चालवायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप ते एका लांबट वहीत लिहून ठेवत. लांबी, शोल्डर, छाती, पोट, सीट, बाही. रमजान ईदच्या आधी महिनाभर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. तेच लोक दरवर्षी यायचे, जुन्या मापाखाली नवं माप लिहिलं जायचं. मामू गमतीने म्हणायचे, "छाती बढने कू बरसां लगते, पेट एक ईद में बढ जाता."

त्याच मामूंना वयाच्या ५२व्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. अंगाने किडकिडीत माणूस, हातपाय काटकुळे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६२ किलो. दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात हे वजन बरोबर हिरव्या रकान्यात बसत होतं. पण वहीत त्यांचं स्वतःचंही माप होतं, माझ्या लग्नासाठी शिवलेल्या शेरवानीचं. पोट ३७ इंच. गावभराची पोटं मोजणाऱ्या माणसाने आपलंही मोजलं होतं, फक्त त्या आकड्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, की आपल्याकडे मधुमेह झालेल्या माणसाचं वजन दरवेळी होतं, साखर दरवेळी तपासली जाते, पण कंबरेचा घेर कुणी मोजत नाही. आणि आपल्या माणसांच्या बाबतीत नेमकं तेच माप सगळ्यात जास्त बोलतं.

आधी वजनाच्या तक्त्याबद्दल. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय नावाचा आकडा आज सगळीकडे वापरतात. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित मांडलं एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांनी. ते डॉक्टर नव्हते, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घ्यायचा होता. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं. म्हणजे मुळात हे माप समूहासाठी होतं. एका माणसाच्या अंगात हाड किती, मांस किती, चरबी किती आणि ती कुठे, यातलं काहीच ते सांगत नाही. काट्याला ६२ किलो दिसतात. त्यातलं किती मांडीत आहे आणि किती पोटात, हे काट्याला कळायचा मार्ग नाही.

याचा सगळ्यात बोलका दाखला आपल्या पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण क्ष-किरणांच्या यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोन माणसं एक, आतून मात्र दुपटीहून जास्त फरक. भारतीय माणूस बारीक दिसूनही चरबीदार असू शकतो, हे त्या एका पानाने जगाला सांगितलं.

म्हणूनच भारतीयांसाठी पट्ट्या वेगळ्या ठरवल्या गेल्या. युरोपात २५ बीएमआयपर्यंत ठीक मानतात. आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरायचं आणि २५ पासून लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८० च्या आत. शिंपी इंचात मोजतो म्हणून इंचात सांगायचं तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. आणखी सोपी खूण म्हणजे कंबर आपल्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. मामूंची उंची ६५ इंच, निम्मे झाले साडेबत्तीस. पोट ३७. साडेचार इंच जास्त, आणि तरीही तक्त्यात हिरवा रकाना.

पोटाच्या चरबीला एवढं महत्त्व का, हे समजून घ्यायला एक प्रश्न पुरेसा आहे. तो प्रश्न प्रत्येक घरातला मधुमेही विचारतो. "रात्री आठला जेवलो, त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग सकाळी उपाशीपोटी साखर १६० कशी?" माणसाला वाटतं मशीन बिघडलं किंवा लॅबवाल्याने घोळ केला. खरं उत्तर यकृतात असतं. रात्रभर पोट रिकामं असतं तेव्हा शरीराला साखर पुरवायचं काम यकृत करतं. पुरे झालं की इन्सुलिन त्याला थांबवतं. पण कातडीखालच्या चरबीची कोठारं भरली की उरलेली चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात जाऊन बसते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला जुमानत नाही, गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं. दुसरीकडे जेवणानंतरची साखर ओढून घेणारं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे आपले स्नायू. काटकुळ्या हातापायांच्या माणसाकडे तेच कमी. साखर सोडणारं जास्त, ओढून घेणारं कमी. बारीक माणसाची साखर का आवरत नाही, याचा बराचसा उलगडा इथे होतो.

हे चक्र उलटंही फिरतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ न झालेल्या, वजनदार माणसांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली अगदी मोजका आहार दिला. वर्षभराने त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. पुढे न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांच्या गटाने जाड न दिसणाऱ्या २० मधुमेहींवर तसाच छोटा अभ्यास केला. त्यातल्या १४ जणांना तोच फायदा झाला. प्रत्येक शरीराची चरबी पेलायची आपली एक मर्यादा असते, ती ओलांडली की साखर वाढते, मग माणूस दिसायला कसाही असो, असं टेलर यांचं म्हणणं आहे. मामूंची मर्यादा ६२ किलोच्या आधीच कुठेतरी ओलांडली गेली असणार.

काट्याने मामूंना एवढ्यावर सोडलं नाही. आणखी दोनदा फसवलं.

मधुमेह निघाल्यावर वर्षभर त्यांनी गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. त्या काळात त्यांचं वजन ६२ वरून ५५ वर आलं. सगळे खूश. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणे, "मामू, मेंटेन केलंय!" पण सात किलो कुठून गेले होते? साखर आटोक्यात नसली की ती लघवीवाटे वाहून जाते, शरीर उपाशी राहतं आणि आपलेच स्नायू खायला लागतं. मामूंच्या मांड्या आणि दंड गळाले होते, पोट मात्र इंचभरच कमी होतं. एचबीए१सी निघालं १०.८. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगतो. बहुतेकांसाठी तो ७ च्या आत ठेवायचा असतो, आणि ७ म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास. १०.८ म्हणजे मामू आतून जळत होते आणि आम्ही त्यांना शाबासकी देत होतो.

मग इन्सुलिन सुरू झालं. तीन महिन्यांत साखर उतरली आणि वजन चार किलोने वाढलं. आता घरात घबराट. "सुई से मोटे होते, बंद करो." इन्सुलिनने आणि काही गोळ्यांनी वजन वाढू शकतं हे खरं आहे, पण इथे वाढलेल्या वजनातला बराचसा भाग गमावलेलं अंग परत भरण्याचा होता. त्या दिवसांत मामूंच्या डॉक्टरांनी, वयाने तरुण मुलगी होती ती, टेबलाच्या खणातून टेप काढली आणि पोट मोजलं. ३६ इंच. म्हणाली, "वजन वाढू द्या, हा आकडा वाढू देऊ नका." शिंप्याला ही भाषा लगेच कळली. सुई बंद झाली नाही. मामू फजरच्या नमाजनंतर चालायला लागले, रात्रीचा भात अर्ध्यावर आणला, दुकानात तास-दीड तासाने मशीनवरून उठून पाय मोकळे करायचे. दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला वहीत स्वतःचं माप लिहायचे. दोन वर्षांनी वजन ६० होतं, पोट ३४, एचबीए१सी ७.१. काट्यावर पाहिलं तर फक्त दोन किलोचा फरक. वहीत पाहिलं तर तीन इंचांचा.

मामूंची गोष्ट मी सांगू शकतो, कारण त्यांचं माप लिहिलेलं होतं. माझ्या अम्मीचं कुठेच लिहिलेलं नाही.

अम्मी मामूंची थोरली बहीण. तिला त्यांच्याआधी मधुमेह झाला. उजव्या डोळ्याची नजर गेली तेव्हा तिची सगळी कागदपत्रं मी एकत्र केली. अकरा वर्षांची फाईल. प्रत्येक पानावर वजन, रक्तदाब, साखर. कंबरेचा घेर एकाही पानावर नाही. एकाच दवाखान्याला दोष देऊन उपयोग नाही, त्या काळात ती तीन ठिकाणी गेली होती. बाहेर साठ पेशंट बसलेले, आत पडदा नाही, बाईचं माप घ्यायला बाई नाही, आणि डॉक्टरांच्या हातात प्रत्येकामागे चार मिनिटं. अम्मीनेही कुणाला कंबरेला टेप लावू दिली असती का, मला शंका आहे.

सख्ख्या भावाचं शिलाईचं दुकान असून तिचं माप मामूंकडेही नव्हतं. मोहल्ल्यातल्या बायका टेलरकडे जुना ड्रेस पाठवतात, 'मापाला'. अम्मीही तेच करायची. फक्त चिठ्ठीत लिहायची, थोडं सैल ठेवा. मामू शिलाईच्या आत कापड सोडून ठेवायचे. घट्ट झालं की अम्मी घरीच शिलाई उसवून सैल करायची. आणि सलवारला नाडी असते. पुरुषाच्या पट्ट्याचं भोक पुढे सरकलं की त्याला कळतं. नाडी काही म्हणत नाही, कितीही वाढलात तरी ती तेवढी सैल बांधता येते. साडी नेसणाऱ्या बाईच्या परकराचीही तीच तऱ्हा, त्यामुळे ही गोष्ट फक्त आमच्या मोहल्ल्याची नाही. आपल्याकडे बाईचं शरीर वाढत जातं आणि त्याची नोंद घेणारी एकही गोष्ट तिच्या आसपास नसते.

पुरुषांनी मात्र पट्ट्यावर फार भरवसा ठेवू नये. वीस वर्षं आपली पॅंट ३४ चीच आहे असं अभिमानाने सांगणारे खूप आहेत. पॅंट ते पोटाखाली बांधतात, पोट वरून पुढे आलेलं असतं. पॅंटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर नाही. घेर मोजायची जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि कुल्ल्याच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये. सरळ उभं राहायचं, श्वास नेहमीसारखा सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप चारी बाजूंनी समांतर आणि अंगाला टेकेल इतकीच. कपड्यावरून नको, फार तर पातळ बनियनवरून. दरवेळी त्याच जागी, सकाळी काही खाण्याआधी.

सरकारला हे कळलेलं नाही असंही नाही. तिशी ओलांडलेल्या लोकांसाठी आशाताई जो तपासणी-फॉर्म भरतात, त्यात कंबरेच्या घेराला गुण आहेत. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांनी तयार केलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकातही वय, व्यायाम आणि आई-वडिलांच्या आजारासोबत कंबर विचारतात. म्हणजे आजार होण्याआधी आपण कंबर विचारतो. आजार झाला की मात्र तो रकाना गायब होतो. ज्या मापाने धोका ओळखला, त्याच मापाने उपचार लागू पडतोय का हे पाहायला नको? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं. इतक्या लोकांचं महागडं स्कॅन कोण करणार? टेप दहा-वीस रुपयांना मिळते.

टेपचीही मर्यादा आहे, ती लपवायचं कारण नाही. कातडीखालची चरबी कोणती आणि आतली कोणती, हे तिला कळत नाही. पोटात पाणी झालेल्या माणसाचं, गरोदर बाईचं माप फसवं असतं. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवतच नाही, तिथे कंबर कमी करून तो बरा होत नाही. आणि साखरेची तपासणी ती साखरेचीच, तिची जागा टेप घेऊ शकत नाही. मी टेप काट्याच्या आणि ग्लुकोमीटरच्या शेजारी ठेवा म्हणतोय. तिन्ही आकडे एकत्र वाचले तरच गोष्ट पूर्ण कळते. वजन उतरतंय आणि साखर वाढतेय, तर आनंद नको, डॉक्टर गाठा. वजन थोडं वाढलं पण साखर आणि कंबर उतरली, तर घाबरू नका.

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्या घरातूनच आला. "लोकांची पोटं मोजून त्यांना लाजवायचं का?" मुसलमानाला मधुमेह झाला की बाहेरचे म्हणतात बिर्याणी खाता, घरचे म्हणतात तोंडाला लगाम नाही. इथे पुन्हा याज्ञिक यांच्याकडे वळावं लागतं. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडच्या बाळांचं ३.५. ही बाळं सगळ्याच मापांत लहान होती, मांस तर फारच कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे काटकुळे हातपाय आणि चरबीचं पोट यांची सुरुवात आईच्या गर्भात, तिच्या ताटात काय होतं आणि काय नव्हतं यात होते. माझी नानी विडी वळायची. तिने मामूंना आणि अम्मीला कोणत्या उपासमारीत पोटात वाढवलं, ते मामूंच्या शेरवानीच्या मापात उतरलं असेल तर त्यात लाज कुणाला वाटायला हवी? टेप न्यायाधीश नाही. मामूंनी कधी गिऱ्हाइकाच्या पोटावर शेरा मारला नाही, फक्त आकडा लिहिला. दवाखान्यानेही तेवढंच करावं.

काय करता येईल, तेही सांगतो. आपल्याकडे मशिदीत, जमातखान्यात, शादीखान्यात आरोग्य शिबिरं होतात. साखर आणि बीपी तपासतात, फोटो निघतात. तिथे एक टेप ठेवा. बायकांसाठी पडद्याआड माप घेणारी एक मुलगी बसवा, मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या कितीतरी मुली हे काम कुठल्याही नर्सपेक्षा सफाईने करतील. माप चिठ्ठीवर लिहून त्याच बाईच्या हातात द्या, मोठ्याने वाचू नका. बायकांना चालायला जागा नाही ही तक्रार खरी आहे, मग शाळेचं मैदान सकाळी तासभर त्यांच्यासाठी मागून घ्या.

आणि रमजान. महिनाभर दिवसा उपाशी राहूनही इफ्तारच्या भज्यांनी आणि सरबतांनी कंबर वाढवून ईदला उभे राहणारे आपण सगळे आहोत. मधुमेह असेल तर रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांशी बोलून औषधांच्या वेळा बदलून घ्या. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमाही सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडा, आजाऱ्याला धर्माने मुभा दिलेली आहे. आणि चाँद दिसायच्या आदल्या आठवड्यात कंबर मोजून ठेवा, ईदच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तुमचा रमजान कसा गेला ते कळेल.

मामूंनी दुकान बंद केलं तेव्हा वही मी मागून घेतली. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर आता आमच्या घराची मापं आहेत. माझं ९३ सेंटिमीटर आहे, साखर अजून सीमेवर. अम्मीचं मागच्या महिन्यात पहिल्यांदा घेतलं, माझ्या बायकोने, दार लावून. अम्मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हातात टेप धरून म्हणाली, "इत्ता आसान था?"